साडेसात फुटांची पट्टी

सकाळी 6.00
वरवट बकालच्या चौकात चहाचं पहिलं आधण उतरतंय. उत्तरेला सातपुड्याची रांग स्वच्छ दिसते. नऊनंतर ती धुळीत हरवेल. एप्रिलचा तिसरा आठवडा, काल पारा 42 वर होता. मिस्त्रींनी मला सहाला बोलावलं होतं, ते आधीच येऊन उभे आहेत. मोटारसायकलच्या टाकीवर वीस लिटरचा पाण्याचा जार, हँडलला बादली, मागे भाचा आणि भाच्याच्या मांडीवर हत्यारांची पिशवी. मिस्त्रींचं वय पन्नाशीच्या आसपास. पुट्टी, चुना, रंग आणि मिळालं तर भिंतीला कागद, हा त्यांचा धंदा. नाव छापू नका म्हणाले, म्हणून मिस्त्रीच म्हणतो. तीन चहा, तीस रुपये. मला खिशात हातच घालू दिला नाही.

6.20
घर गावाच्या जुन्या भागात आहे. समोर ओटा, आत सपरी, तिच्यामागे बैठक. भिंती विटांच्या आणि पांढऱ्या मातीच्या, दीड फूट जाड. वर सागाचे सरे. बैठकीची उंची साडेबारा फूट. मागच्या पिढ्यांनी एवढ्या उंच भिंती हौसेखातर बांधल्या नाहीत. गरम हवा वर जाते, खाली बसलेल्याला बरं वाटतं. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात याला मोल आहे.

घरात मुलाचं लग्न आहे, बारा दिवसांवर. बैठकीची दारासमोरची भिंत कागदाने सजवायची असं पोराच्या मनात. भिंत अठरा फूट रुंद. घरमालक मिस्त्रींपेक्षा थोडे मोठे, मिस्त्री त्यांना काकाजी म्हणतात.

काम तीन दिवस आधीच सुरू झालंय. त्या तीन दिवसांत कागदाला कोणी हात लावला नाही. खालचं प्लास्टर फोडलं, जुना डिस्टेंपर खरवडला, वर पुट्टीचे दोन हात, काचपेपर, मग प्रायमर. हे सगळं हजेरीवर झालं: मिस्त्रींचे 700, भाच्याचे 450.

खालचे साडेतीन फूट मात्र पुट्टीविना सोडलेत. तिथे चुना आणि वाळूचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचे हात. हे का, ते जमिनीला विचारायचं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. विहिरीला पाणी लागतं, पण खारं. तेच पाणी ओलाव्याने विटांतून वर चढतं. भिंतीच्या तोंडाशी येऊन पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मिठाचे कण होतात, फुगतात आणि रंगाला, गिलाव्याला आतून ढकलतात. यालाच लोणा लागणं म्हणतात. घराघरांत भिंतीच्या पायथ्याशी पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं ते मीठ असतं. बोट लावून चाखलं तर कळतं.

काकाजींनी काही वर्षांपूर्वी खाली सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं. लोणा थांबेल असं सांगणाऱ्याने सांगितलं. सिमेंटमधून ओल बाहेर पडेना, मग ती आणखी वर चढली. आधी दोन फुटांवर असलेली रेघ तीन फुटांच्या पुढे गेली.

7.00
मिस्त्री बादलीत पाच लिटर पाणी घेतात. जारमधलं. काकाजींच्या घरच्या नळाकडे बघतही नाहीत.

“बोरच्या पाण्यात ही पावडर घट्टच होत नाई. एकडाव केली होती. ताकावानी पातळ झाली, कागद रातच्याले खाली.”

पावडर सेल्युलोजची आहे. पाण्यात मीठ असलं की ती नीट फुगत नाही. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या 140 गावांसाठी वान धरणावरून पाणी आणायची योजना आहे, तिचं पाणी गोडं. पण ज्या सकाळी काम असतं त्या सकाळी नळ येईलच असं नाही. म्हणून जार. वीस रुपये, काकाजींच्या हिशेबात.

भाचा काठीने ढवळतो, मिस्त्री वरून पावडर भुरभुरतात. एकदम ओतली तर गोळ्या होतात. मग वीस मिनिटं बादली झाकून ठेवायची. शेवटी त्यात वाटीभर फेविकॉल.

7.20
खळ फुगेपर्यंत रोल मोजणं. काकाजींनी अकोल्याहून सहा रोल आणलेत, 1,500 रुपयांचा एक. मिस्त्री प्रत्येक रोलच्या चिठ्ठीवरचा लॉट नंबर वाचतात. सहाही एकाच लॉटचे. लॉट वेगळा निघाला की रंगात फरक येतो. तो फरक दुकानात दिसत नाही, भिंतीवर दोन पट्ट्या शेजारी आल्या की दिसतो.

आता हिशेब. तो मला नीट समजून घ्यायचा होता, कारण मिस्त्रींचं सगळं कौशल्य त्यात आहे.

रोल 21 इंच रुंद, 33 फूट लांब. हे माप युरोपातून आलंय. दहा फुटांच्या आतल्या भिंतीला एका रोलमध्ये तीन पट्ट्या बसतात. शहरातल्या नव्या फ्लॅटला ते बरोबर जमतं. इथे भिंत साडेबारा फूट. या कागदावरची नक्षी दर साडेदहा इंचांनी परत येते, ती शेजारच्या पट्टीशी जुळवायची. वर-खाली कापायला दोन-दोन इंच सोडायचे. म्हणजे एका पट्टीला तेरा फुटांहून जास्त कागद. एका रोलमध्ये दोनच पट्ट्या, आणि पावणेसात फुटांचा तुकडा वाया. अठरा फूट रुंदीला अकरा पट्ट्या लागतात. म्हणून दुकानदाराने सहा रोल दिले. त्याचं गणित चुकलेलं नव्हतं.

मिस्त्रींनी भिंत पाहिली आणि ती तीन भागांत तोडली. खालचे साडेतीन फूट मिठाला सोडून दिले. वरचा दीड फूट, सऱ्यांच्या खालचा, रंगाला दिला. मधे उरले साडेसात फूट. तेवढीच पट्टी. नक्षीची नऊ घरं बरोबर साडेचौऱ्याण्णव इंचांत बसतात. एका रोलमध्ये चार पट्ट्या. अकरा पट्ट्यांना तीन रोल पुरतात, वर एक पट्टी शिल्लक.

“एक रोल घरात ठेवजा काकाजी, पुढे कुठं फाटलं तं. दोन वापस करजा. सील फोडू नका.”

काकाजींचे तीन हजार वाचले. गावाकडे कागद लावायची मजुरी रोलवर ठरते. साधारण 300 रुपये रोल. सहा रोलांचे 1,800 झाले असते, तीनचे 900. आपलाच सल्ला आपल्या खिशाला कात्री लावतो, हे मिस्त्री फार वर्षांपूर्वी शिकले. तेव्हापासून ते रोलवर भाव सांगत नाहीत, पट्टीवर सांगतात. एक पट्टी 150. अकरा पट्ट्या, 1,650. लांबी काही असो. मला हा भाव न्याय्य वाटतो. चढ-उतार तर पट्टीमागेच असते.

8.00
दोन लोखंडी घोड्या, वर फळी. घोड्यांचं भाडं दिवसाला 80, ते मिस्त्रींच्या खिशातून. फळी जमिनीपासून साडेचार फुटांवर. तिच्यावर उभं राहून हात वर केला की अकरा फुटांची रेघ बोटाला लागते.

ओळंबा सोडतात. जुन्या भिंतीचा कोपरा कधी सरळ नसतो. इथे वरून खाली येईपर्यंत दीड इंच सरकलाय. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर शेवटची पट्टी तिरकी जाणार. म्हणून भिंतीचा मध्य काढला. मधली पट्टी बरोबर मध्यावर, तिच्या दोन्ही अंगांना चार-चार पूर्ण पट्ट्या. उरले सत्तावीस इंच, ते दोन्ही कोपऱ्यांत साडेतेरा-साडेतेरा. कोपऱ्याचा तिरकेपणा त्या कापलेल्या पट्ट्या खाऊन टाकतील, आणि दारातून येणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या दिसतील.

पेन्सिलची रेघ अगदी फिकी. गडद मारली तर कागदाच्या जोडातून डोकावते.

8.40
पहिली पट्टी. हिच्यावर बाकीच्या दहा अवलंबून, म्हणून कोणी बोलत नाही.

जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर प्लायची फळी, तिच्यावर कागद पालथा. भाचा ब्रशने खळ लावतो, मधून कडेकडे. कड कोरडी राहिली की जोड उघडतो, म्हणून कडेला ब्रश दोनदा. मग दोन्ही टोकं मधे दुमडायची, खळीला खळ लावून. गुंडाळी करून पाच मिनिटं बाजूला. कागद ओल पितो आणि थोडा ताणतो. तो ताण जमिनीवरच निघून गेला पाहिजे. घाई केली तर भिंतीवर ताणतो आणि फुगे येतात.

मिस्त्री फळीवर चढतात. भाचा गुंडाळी वर देतो. वरची अर्धी घडी उघडते, खालची अजून मिटलेली. मिस्त्री कागद भिंतीला टेकवतात, दाबत नाहीत. तळव्याने सरकवतात. डावीकडे केसभर. पुन्हा उजवीकडे. कागदाची कड पेन्सिलच्या रेघेवर बसली की प्लास्टिकची पट्टी घेऊन मधून बाहेर, मधून बाहेर. खळ कडेला येते, ओल्या स्पंजने लगेच पुसायची. वाळली की चकाकते आणि मग निघत नाही.

खाली उतरायचं. खालची घडी उघडायची. तसंच खाली साडेतीन फुटांपर्यंत. वर चढायचं. पत्र्याचा कोन रेघेवर धरून कटर ओढायचा, एका दमात. थांबला की कागद दातरतो. ओला कागद ब्लेडची धार खातो, दोन कापांनंतर ब्लेडचं टोक मोडून टाकायचं. पाकिटाला 35 रुपये, तेही मिस्त्रींचेच.

पंखा बंद आहे. वाऱ्याने कडा आधी वाळतात. दारंही लोटलेली.

10.30
तीन पट्ट्या झाल्या. चहा आतून येतो, सोबत बशीभर चिवडा. काकाजींच्या आई दारात येऊन बसल्यात. ऐंशीच्या पुढच्या. मिस्त्री त्यांना माय म्हणतात.

“आमी तं दर दिवाईले पोतारत होतो,” त्या सांगतात. “पांढरी माती, वरून चुना. पावसायात भिंत खाये, दिवाईले आमी भरून देवो.”

मिस्त्री हसत नाहीत, मान डोलावतात. खालच्या पट्ट्याचं जे तंत्र त्यांनी निवडलं ते मायच्याच पद्धतीचं आहे. चुन्यातून भिंत श्वास घेते, मीठ बाहेर पडतं, दरवर्षी खरवडायचं आणि नवा हात मारायचा. गावात आता पीव्हीसीची पॅनेल बसवून घेतात. दिसायला चकचकीत, आणि चार तासांत काम. पण मागे मीठ आपलं काम करत राहतं. मिस्त्रींनी मागच्या वर्षी एका घरी पॅनेल काढलं, तर मागची वीट हाताने कोरता येत होती.

11.15
पाचव्या पट्टीत खुंटी आली. सागाची, भिंत बांधतानाच बसवलेली, वापरून गुळगुळीत झालेली. भाचा म्हणाला, कापून टाकू. माय दारातून म्हणाल्या, “तिले हात लावू नको बापा.” कोणाची टोपी तिथे टांगली जायची ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मिस्त्रींनी पट्टी खुंटीवरून खाली सोडली. बोटाने चाचपून खुंटीचा मध्य शोधला. तिथे कटरने उभा छेद, आडवा छेद, मग तिरपे दोन. आठ पाकळ्या. खुंटी त्यातून बाहेर आली. मग एकेक पाकळी नखाने खुंटीच्या बुडाशी दाबली, पत्र्याची टोकाची कड लावली आणि गोल कापत गेले. आठ छोटे तुकडे खाली पडले. स्पंज फिरवला. कागद आणि लाकूड यांच्या मधे नख जाईल एवढीही फट नव्हती. या एका खुंटीला पाव तास लागला. तिचे वेगळे पैसे नाहीत.

पुढे देवळी आहे, हातभर रुंदीची. तिच्या कडेवरून कागद इंचभर आत वळवला. आतली बाजू चुन्याचीच ठेवली. दिवा लागतो तिथे.

दुपारी 12.45
सात पट्ट्या. वीज गेली. तशीही थांबायची वेळ झालीच आहे. दुपारी सऱ्यांखालची हवा इतकी तापते की फळीवर उभं राहवत नाही. बारा फुटांची भिंत खाली बसणाऱ्याला गारवा देते, पण वर काम करणाऱ्याचं डोकं तिच्या गरम भागात असतं.

जेवण ओट्यावर, कडुलिंबाच्या सावलीला. डब्यात कळण्याची भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. घरातून कैरीचं पन्हं आलं. जेवून दोघं गोणपाटावर आडवे होतात.

झोपेआधी मिस्त्री मुंबईचं सांगतात. विशीत गेले, ग्रँट रोड आणि दादरच्या जुन्या इमारतींत रंगाऱ्याच्या हाताखाली राबले. तिथले जुने फ्लॅटही असेच, बारा-बारा, तेरा-तेरा फुटांचे. भिंतीवर आठ-नऊ फुटांवर लाकडाची पट्टी असायची, तसबिरी टांगायला. कागद त्या पट्टीपर्यंतच, वर साधा रंग. भिंतीचे तुकडे करायची अक्कल तिथून आली. तिथला लोणा समुद्राच्या हवेचा, इथला जमिनीचा. इलाज थोडा वेगळा, शत्रू एकच. वडील गेले तेव्हा गावी आले आणि राहिले. सुरुवातीला दुकानांच्या पाट्या रंगवत. फ्लेक्स आला आणि ते काम गेलं. कागदाची कामं वर्षातून मोजकीच. अक्षय तृतीयेच्या आधी आणि दिवाळीच्या आधी. मधे कपाटं, फाटकं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या.

3.15
पुन्हा सुरू. बादलीतल्या खळीवर साय धरलीय. भाचा गाळून घेतो, जारमधलं पेलाभर पाणी घालतो. आठवी पट्टी भाचा स्वतः लावणार आहे. मिस्त्री खालून बघतात.

“घाई करू नको. आधी वरचं फूल जुळव. खालचे आपोआप जुळतात.”

वरचं फूल जुळलं. मधलं पाव इंच सरकलं. भाच्याने ओढून पाहिलं. मिस्त्रींनी लगेच थांबवलं. “ओढू नको, काढ.” अर्धी पट्टी सोडवली, पुन्हा टेकवली, तळव्याने ढकलली. बसली. भाच्याचा सदरा पाठीला चिकटलाय. तो दहावीनंतर शिकायला जळगाव जामोदला जातो, सुटीत हे काम. यंदा सुटी लागायच्या आधीच आलाय.

4.40
चौकातून कचोरी आणली, शेगावच्या पद्धतीची, तळलेल्या मिरचीसोबत. पाहुणा म्हणून यावेळी माझे पैसे चालले.

वीज आली. काकाजी आत डोकावतात. नऊ पट्ट्यांकडे बघत उभे राहतात. मग विचारतात, “पावसायात फुगन तं नाई न मिस्त्री?”

“वरचा नाई फुगत. खालचा चुना फुगन. फुगला की घाबरू नका. घाई करून वर पुट्टी, सिमेंट, ऑइलपेंट काई मारू नका. खरवडा, चुना मारा. तेवढंच.”

हे ते आज तिसऱ्यांदा सांगतायत. काकाजी मान हलवतात. लग्न झाल्यावर कोणी दुसरा सल्लागार आला नाही तर भिंत टिकेल.

5.15
कोपऱ्यांच्या पट्ट्या. यांना सर्वांत जास्त वेळ. साडेतेरा इंचांची पट्टी, पण कोपरा वर साडेतेरा, खाली पंधरा. मिस्त्री दर दोन फुटांवर माप घेतात, कागदाच्या पाठीवर पेन्सिलने लिहितात आणि त्या रेघेवर कापतात. कापताना पाव इंच जास्त ठेवतात. तो पाव इंच पलीकडच्या भिंतीवर वळतो आणि रंगाखाली जातो. कोपऱ्यात कागद नेमका कापला तर वर्षभरात तिथे काळी फट पडते.

डावा कोपरा सहाला संपला, उजवा साडेसहाला.

6.35
खाली, कागद आणि चुना मिळतात तिथे, अडीच इंचांची लाकडी पट्टी. ती सुताराने कालच करून ठेवलीय, याच घराच्या पाडलेल्या गोठ्याच्या सागवानातून. तिच्यावर पॉलिश नाही, नुसतं जवसाचं तेल. चार स्क्रू एका फळीला. वर तशीच पातळ पट्टी, रंगाच्या कडेला.

मग बॅटरी. मिस्त्री भिंतीला गाल लावून उभे राहतात आणि उजेड आडवा टाकतात. समोरून न दिसणारा फुगा आडव्या उजेडात दिसतो. तीन सापडले. दोन हाताने दाबून गेले. एकाला सुई टोचली, इंजेक्शनच्या सिरिंजने थेंबभर खळ आत सोडली, दाबलं, पुसलं. जोडांवरून छोटा लाकडी रोलर फिरवला. उद्या दुपारपर्यंत पंखा लावायचा नाही, असं घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं.

माय आत आल्या. खुंटीपाशी गेल्या, तिच्या बुडाशी बोट फिरवून पाहिलं. मग खालच्या चुन्यावर तळवा ठेवला. “हे बरं केलं,” म्हणाल्या. वरच्या फुलांबद्दल काही बोलल्या नाहीत.

7.20
ओट्यावर हिशेब. काकाजींनी 1,650 मोजले. मिस्त्रींनी त्यातले 450 तिथेच भाच्याच्या हातात दिले. घोड्यांचं भाडं 80, ब्लेड 35, सकाळचा चहा 30, पेट्रोल 50. मिस्त्रींकडे उरले 1,005. हजेरीच्या दिवसापेक्षा 305 जास्त.

शिल्लक राहिलेली बारावी पट्टी गुंडाळून, वर लॉट नंबरची चिठ्ठी बांधून कपाटात ठेवली. दोन सीलबंद रोल परवा अकोल्याला जाणाऱ्या कोणासोबत तरी जातील.

उद्या टुनकीला एका फाटकाला ऑइलपेंट आहे. तिथे हजेरी, 700 रुपये. भाच्याला उद्या कॉलेज आहे, मिस्त्री एकटेच जातील.